हेडफोनची घडी

१

उजव्या कानात शिट्टी सुरू झाली तेव्हा मी आधी फ्रीजला दोष दिला, मग शेजारच्यांच्या इन्व्हर्टरला, मग वारज्याच्या पुलावरच्या रहदारीला. महिनाभर मी घरातली एकेक वस्तू बंद करून बघत होतो आणि नम्रता मला बघत होती. शेवटी मेन स्विच पाडला, अख्खं घर अंधारात बसवलं, तरी शिट्टी वाजतच राहिली. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आता तुलाच बंद करून बघायचं राहिलंय."

डॉक्टरांनी एका काचेच्या खोलीत बसवून कान तपासले. "कान उत्तम आहेत. शिट्टी कानात नाही, डोक्यात आहे. सवय करून घ्या," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. पुण्यात डॉक्टरांकडून सहानुभूतीची अपेक्षा मी फार पूर्वीच सोडली आहे, त्यामुळे वाईट वाटलं नाही.

नम्रता माझी बायको, मूळची अमरावतीची. ती शाळेत गणित शिकवते आणि दुपारी घरी येते. कणीक मळताना ती गुणगुणते. गाणं असं काही नसतं, नुसता एक सूर, वरखाली होणारा. लग्न होऊन या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा खोक्यांच्या ढिगात बसून मी तो पहिल्यांदा ऐकला होता आणि हे आता आपलं घर झालं असं मला वाटलं होतं. शिट्टीची उंची नेमकी त्याच सुराची होती. नम्रताचे हात परातीत हलताना दिसत, ओठ मिटलेले दिसत, पण ती गुणगुणते आहे की नाही ते मला कळेनासं झालं.

झोप येत नाही ही तक्रार मी सगळ्यांना सांगत होतो. ही दुसरी कुणालाच सांगितली नाही. मला तिचं गुणगुणणं परत हवं होतं. तेवढं मिळालं असतं तर बाकीची शिट्टी मी आनंदानं जन्मभर ऐकली असती.

२

शिट्टीवर संगीताचा उतारा चालतो असं हिंजवडीच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं आणि मी एक जपानी हेडफोन मागवला. साध्या रेडिओसाठी माझ्या वडिलांना पोस्टात जाऊन परवाना काढावा लागे. मी बसमध्ये बसल्या बसल्या जपानहून वस्तू मागवली आणि ती आठवड्यात दारात आली. आवाज सुंदर होता. पण पट्टी इतकी ताठ, की अर्ध्या तासात कानांवर सांडशी लावल्यासारखं व्हायचं. शिट्टी दबायची आणि डोकं दुखायला लागायचं.

म्हणून गोपाळकृष्ण काकांकडे गेलो. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत हेडफोन आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यासोबत राहतो. रविवारी सकाळी आमच्यासारखे हौशी लोक त्यांच्याकडे जमतात.

"बसा. बोलू नका, गाणं चालू आहे," हे त्यांचं स्वागत. गाणं संपल्यावर त्यांनी माझा हेडफोन हातात घेतला, पट्टी ताणून पाहिली. "वस्तू चांगली आहे. तुम्ही घाई केलीत. घडी न मोडता डोक्यावर चढवलात."

त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. कानाच्या गाद्या बदलून मऊ मखमली बसवायच्या. फोनला थेट न जोडता मधे एक, जुन्या रेडिओत असत तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा, त्यानं आवाजाची धार जाते. आणि डोक्यापेक्षा किंचित रुंद अशा कशावर तरी हेडफोन ताणून ठेवून तो दिवसभर नुसता वाजू द्यायचा, म्हणजे पट्टी सैल होते आणि आतला पडदा मोकळा होतो.

"आपल्या कानांवर नाही?"

"घडी मोडेपर्यंत नाही. आधी दुसऱ्या कशाला तरी त्रास होऊ दे."

घरी हे सांगितल्यावर नम्रता हसली. "आमच्याकडे नव्या साडीची घडी मोडायला नणंदेला देतात. आधी तिनं नेसायची, मग आपण. पण माणसाला देतात रे. टेबलाला नाही देत."

३

हेडफोन ताणून ठेवायला मी आधी पुस्तकांचा गठ्ठा लावून पाहिला. तो घसरायचा. मग एका रविवारी जुन्या बाजारात हिंडताना ते डोकं दिसलं.

काळसर लाकडाचं, माणसाच्या डोक्याएवढं, खाली बसायला सपाट बूड. नाक नाही, डोळे नाहीत, कान तर नाहीतच. कपाळापासून हनुवटीपर्यंत हात फिरवला तरी कुठे काही लागत नव्हतं. विकणारा सुखदेव नावाचा, लोणी काळभोरहून माल घेऊन येणारा माणूस होता. त्यानं ते माझ्या हातात दिलं.

"पगडी बांधायला वापरायचे, सायेब. ज्याची पगडी त्याच्या मापाचं डोकं करून घ्यायचे. ह्ये कुण्या बड्या माणसाचं हाय."

"कुणाचं?"

"ते कुठलं ठावं? मानूस गेला, डोकं राह्यलं." मी घुटमळतोय हे पाहून तो म्हणाला, "न्या की. डोकं हाय, खातंय थोडंच."

माझ्या डोक्यापेक्षा ते बोटभर रुंद होतं. मला हवं तसंच. घरी आणून मी ते आतल्या छोट्या खोलीत, टेबलावर, अ‍ॅम्प्लिफायरच्या शेजारी ठेवलं. नव्या मखमली गाद्यांचा हेडफोन त्यावर चढवला. तो असा काही नेमका बसला, की मी जरा मागे सरून पाहिलं. एक माणूस टेबलाखाली बसून फक्त डोकं वर काढून गाणं ऐकतो आहे असं ते दिसत होतं. नम्रता म्हणाली, "याला चहा विचारू का?"

सोमवारी सकाळी अ‍ॅम्प्लिफायरचं आवाजाचं बटण मी बारावर ठेवलं. आम्ही हौशी लोक आवाज घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगतो. बटणावरची पांढरी रेघ सरळ वर आली की बारा. उजवीकडे नेली की आवाज वाढतो, डावीकडे कमी होतो, आणि अगदी डावीकडे खाली नेली की खटका लागून बंद. घरातल्या जुन्या फोनवर सरोद लावलं, खोलीचं दार ओढून घेतलं आणि कंपनीच्या बसला गेलो. आठवडाभर हाच क्रम होता.

४

शनिवारी हेडफोन डोक्यावर चढवला आणि तो चढवला आहे हेच कळेना. पट्टीचा दाब नाही, वजन नाही. सरोदची तार कुठे सुरू होते आणि खोली कुठे संपते तेही कळेना. मी किती वेळ बसलो कुणास ठाऊक. काढला तेव्हा शिट्टी नव्हती.

मी श्वास धरून बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शिट्टी नाही. आणि मग स्वयंपाकघरातून तो सूर आला, वर जाऊन खाली येणारा, मधेच परातीच्या आवाजानं तुटणारा.

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि रडायला लागलो. नम्रताला वाटलं माझी नोकरी गेली. पिठाचे हात तसेच माझ्या गालाला लावून ती विचारत राहिली, आणि मला सांगताच येईना. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता.

तेव्हापासून हेडफोनची जागा त्या डोक्यावरच ठरली. दिवसभर तो तिथे वाजत राही, संध्याकाळी मी तासभर घालत असे. घडी मोडून झाली होती, पण जे चाललं आहे ते कशाला मोडा? शिट्टी परत आली नव्हती.

गाद्यांची गोष्ट त्यानंतरची. एका संध्याकाळी हेडफोन उचलला तर गाद्या कोमट लागल्या. व्हॉल्व्ह तापतात, शेजारीच तर आहेत. मग आतल्या बाजूला पाहिलं. गादीच्या मधोमध, जिथे कान येतो, तिथे एक पातळ कापड असतं. ते एका बाजूनं आत दबलं होतं. वरून वळून खाली आलेली कड, खाली लोंबती पाळी. लांबट कानाचा ठसा होता. माझे कान लहान आहेत, शाळेत त्यावरून मला चिडवत असत.

लाकडाला कान नव्हते. मी पुन्हा दोन्ही बाजूंनी हात फिरवून खात्री केली. फोमला दाबाची आठवण राहते, कापड कुठेतरी सैल असेल, असं मी ठरवलं. ठसा बोटानं सपाट केला. दुसऱ्या दिवशी तो तिथेच होता.

५

मग बटण. सकाळी मी ते बारावर ठेवत असे. संध्याकाळी पांढरी रेघ साडेअकरावर दिसायची. मग अकरावर. नम्रताला विचारलं तर ती म्हणाली, "मी त्या खोलीत झाडायलासुद्धा जात नाही. ते डोकं माझ्याकडे बघत असतं."

"त्याला डोळे कुठेत?"

"म्हणूनच."

काकांना फोन केला. बटणाच्या आतली स्प्रिंग सैल होऊ शकते का, कंपनानं फिरू शकते का, हे सगळं विचारलं. ते म्हणाले, "बटण आपोआप फिरत नाही. आणि भूत असेल तर ते माझ्यासारख्या रिकाम्या माणसाकडे येईल, तुमच्याकडे कशाला?" मी हसलो. फोनवर त्यांचा आवाज फार बारीक येत होता. त्यांचा टेलिफोन खराब झाला असावा असं मला वाटलं.

ते दिवस खरं तर चांगले होते. घर शांत झालं होतं. फ्रीजची घरघर थांबली होती, मला वाटलं नम्रतानं दुरुस्तीवाला बोलावला असेल. गॅलरीतली कबुतरं घुमेनाशी झाली. हायवेचा तो कायमचा घोंघाटही बऱ्यापैकी खाली आला होता, आणि महापालिकेनं एकदाचं काहीतरी केलं म्हणून मी मनातल्या मनात तिचे आभारसुद्धा मानले. यावरून माझी अवस्था समजावी.

ऑफिसात अमेरिकेचे कॉल नीट ऐकू येईनात. मी नेटवर्कवाल्या बजरंगला दोनदा झापलं. तो म्हणाला, "सर, बाकी सगळ्यांना क्लिअर येतंय." हिंजवडीच्या चौकात बस माझ्या पाठीशी येऊन थांबली, ड्रायव्हर खिडकीतून हातवारे करत होता. हॉर्न का नाही वाजवला म्हणून मी त्याच्यावर ओरडलो, आणि बसमधले सगळे माझ्याकडे बघत राहिले.

"असं काय करून राहिला तू?" नम्रता एकदा अगदी जवळ येऊन म्हणाली. चिडली की तिची अमरावती बाहेर येते. "किती हाका मारल्या! ऐकू नाही येत?"

"सगळं तर येतंय," मी म्हणालो. तिचं गुणगुणणं ऐकायला मी हल्ली स्वयंपाकघरात जाऊन बसत असे. आधी दारात उभं राहिलं तरी पुरायचं. मग ओट्यापाशी. मग मी तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभा राहायला लागलो, आणि तिला वाटलं माझं प्रेम वाढलंय. ते खोटं नव्हतं. पण मी तिथे का उभा आहे हे मला आतून कळत होतं, आणि ते मी स्वतःला कळू देत नव्हतो.

बटण तेव्हा नऊवर आलं होतं.

६

नम्रतानं हट्टानं डॉक्टरांची वेळ घेतली. तिची शाळा होती म्हणून मी एकटाच गेलो. पुन्हा तीच काचेची खोली, कानांवर त्यांचा जाडा हेडफोन, हातात ती छोटी कळ. "आवाज आला की दाबा," तपासणारी बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली आणि दार लावून काचेपलीकडे बसली.

मी वाट बघत बसलो. ती मशीनवर काहीतरी करत होती, माझ्याकडे बघत होती, पुन्हा मशीनकडे. तयारी चालली असेल म्हणून मीही समजूतदारपणे मान हलवली. मधे एकदोनदा लांब कुठेतरी काहीतरी वाजल्यासारखं झालं, तेव्हा कळ दाबली. बराच वेळ गेला. शेवटी ती उठली, दार उघडून आत आली आणि माझ्या कानांवरचा हेडफोन काढला.

"सुरू करा की," मी म्हणालो.

तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "झालं, सर."

घरी आलो तेव्हा दुपारचं ऊन आतल्या खोलीत टेबलापर्यंत आलं होतं. सगळं रोजच्यासारखं होतं. व्हॉल्व्ह पेटलेले, डोक्यावर हेडफोन. पांढरी रेघ जवळजवळ तळाला टेकली होती. मी खोलीत उभा होतो आणि गाणं मला ऐकू येत नव्हतं. ते बटणामुळे की माझ्यामुळे, हे आता वेगळं सांगता येण्यासारखं राहिलं नव्हतं.

मी बटण धरलं आणि उजवीकडे फिरवायला गेलो. ते फिरलं नाही. अडकलेलं बटण कसं लागतं ते मला माहीत आहे, ते टणक लागतं. हे तसं नव्हतं. ते थोडं आलं आणि मागे गेलं. मी जोर केला तसा पलीकडूनही तेवढाच जोर आला, रागानं नाही, झोपलेल्या माणसाच्या अंगावरची चादर ओढली तर तो ओढतो तसा.

तेव्हा मी वर पाहिलं. उजव्या बाजूची गादी लाकडापासून किंचित सुटली होती. त्या फटीत उन्हाची तिरीप जात होती, आणि तिथे कानाची वरची कड होती. पिवळट, लांबट, वर बारीक लव असलेली. कडेला भिकबाळी घालायला टोचलेलं भोक होतं, रिकामं.

मी बटण सोडलं. ते माझ्या देखत राहिलेलं अंतर खाली गेलं आणि खटका लागला. तो खटका मी स्पष्ट ऐकला. त्यानंतर मी काहीच ऐकलेलं नाही.

हेडफोन सहज निघाला. खाली नेहमीचं गुळगुळीत लाकूड होतं. मी दोन्ही हात त्यावर फिरवत राहिलो, नम्रता येईपर्यंत.

७

नस गेली, असं होतं कधीकधी, अशा अर्थाचं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. कंपनीनं मला न बोलता करता येणारं काम दिलं आहे. नम्रता आणि मी मोबाइलवर लिहून बोलतो. ती सावकाश बोलली तर ओठांवरूनही कळतं. डॉक्टरांवर तिचा विश्वास आहे, आणि त्या खोलीतलं मी तिला अर्धंच सांगितलं.

ते डोकं टाकून द्यायला मी पिशवीत भरलं होतं. अ‍ॅम्प्लिफायरची वायर काढून, गुंडाळून ठेवली होती. पण निघायच्या आधी हात बटणावर पडला आणि ते हललं. डावीकडे नाही, उजवीकडे. केसभर वर गेलं, थांबलं, थोडं खाली आलं, पुन्हा वर गेलं. मी दारातून वाकून पाहिलं. नम्रता माझ्याकडे पाठ करून कणीक मळत होती.

मला काय झालं ते सांगतो. भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. तो वरखाली जाणारा सूर मी ओळखला. ती गुणगुणत होती, आणि मला ते बोटांना कळत होतं.

म्हणून मी पिशवी रिकामी केली. डोकं जागेवर ठेवलं, हेडफोन त्यावर चढवला. रोज संध्याकाळी नम्रता परात घेते तेव्हा मी आत जातो, दार लोटतो आणि वायर नसलेल्या त्या यंत्राच्या बटणावर बोटं टेकवून उभा राहतो. ते फिरतं. कधी हळू, कधी लांब तान घेतल्यासारखं. कित्येक महिने झाले, माझा दिवस तेवढ्यासाठी उजाडतो. माझं सगळं घेऊन एवढं परत दिलं असेल, तर चालेल, असं मी मनाशी म्हणून टाकलं होतं.

अलीकडे बटण जास्त वर जायला लागलं. बारा ओलांडून दोनवर, तीनवर. नम्रता मोकळेपणी गाते आहे, सावरली आहे, असं वाटून मला बरं वाटलं. काल जेवताना मी तिला म्हणालो, "हल्ली छान गुणगुणतेस."

तिनं घास खाली ठेवला. मग मोबाइल घेऊन लिहिलं आणि माझ्यासमोर धरला.

"ते मी केव्हाच सोडलं रे. तुझे कान गेले त्या दिवसापासून. तू ऐकणार नाहीस तर कुणासाठी?"

तिचे डोळे भरले होते. मी तिचा हात धरला. मग तिच्या खांद्यावरून आतल्या खोलीकडे पाहिलं. दार उघडं होतं. पांढरी रेघ सावकाश वर चालली होती.